माइकची बहिरी पाठ

मी खोली बघायला गेले तेव्हा घरमालक काकांनी भाडं सांगितलं नाही, अटी सांगितल्या नाहीत. कोणत्या गावच्या, कोणाच्या, हे आपल्याकडं पाणी द्यायच्या आधी विचारतात, तेसुद्धा विचारलं नाही. रिकाम्या खोलीच्या मधोमध उभे राहिले, खाडकन एक टाळी वाजवली आणि मान तिरकी करून भिंतीकडं बघत राहिले.

"खोली लय बोलकी हाय," ते म्हणाले. "गाद्या आणा, गोधड्या आणा, पुस्तकं आणा. मग गप बसंल."

माझ्या मनात आलं, बाई, इथून सटक. पण मला रोज रेल्वेनं पिंगळीच्या शाळेवर शिकवायला जायचं होतं आणि परभणी स्टेशनापासून इतक्या जवळ दुसरी खोली मिळत नव्हती. राहिले. एक वर्ष काढू म्हणून राहिले ती अजून तिथंच आहे.

ती टाळी पुढं कुठं कुठं ऐकली म्हणून सांगू! बँकेत शिरले की टाळी. नवीन विहारात पाऊल ठेवलं की टाळी. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले आणि पाहुण्यांच्या बैठकीत टाळी वाजवली, तर आतून मुलगी आपल्याला बोलावलं समजून चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. एकदा तर गल्लीत मयत झालेल्या घरी भेटायला गेलो असताना वाजवली. काकूंनी असा चिमटा काढला की मलाच कळ आली.

"अवो, मयताच्या घरी टाळ्या वाजवायलाव! लोक शेण घालतील तोंडात."

"बैठक घुमती त्यांची," काका हळूच म्हणाले. "म्हणून रडणं एवढं मोठं वाटायलंय. माणसं कमीच रडायलीत."

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्य तारांना कान लावण्यात गेलेलं. त्यामुळं डोळ्यांपेक्षा त्यांचा कानांवर भरोसा जास्त. कोण आलंय हे खोकल्यावरून ओळखायचे. मी जिना चढत असले की खालून आवाज यायचा, "बाई, डाव्या पायाची चप्पल जायलीय बगा." आणि दुसऱ्या दिवशी स्टेशनावर, गाडी समोर उभी असताना, डाव्याच चपलेचा अंगठा तुटायचा. मला इतका राग यायचा! तुटली म्हणून नाही, त्यांचं खरं झालं म्हणून.

या माणसाला निवृत्तीनंतर माइक घ्यायचा होता. एक माइक. साधी गोष्ट. दुकानात जा, घे, घरी ये. पण त्या एका माइकापायी आमच्या घरात जे काय झालं ते लग्नकार्यातसुद्धा होत नाही.

कारण मात्र खोटं नव्हतं. काकांची थोरली बहीण राणीसावरगावात राहायची. सगळे तिला आक्का म्हणत, मीही म्हणायला लागले. आक्काला त्यांच्या आईच्या सगळ्या जात्यावरच्या ओव्या पाठ होत्या. माहेरच्या, भावाबहिणीच्या, भीमाच्या. आईला जाऊन जमाना झाला होता आणि त्या ओव्या आता फक्त आक्काच्या तोंडात होत्या. आणि तोंडाचंच बिनसलं होतं. गंगाखेडच्या दाताच्या डॉक्टरनं सांगितलं की उरलेले दात सगळे हलायलेत, काढून टाकू आणि कवळी बसवू. आक्का म्हणाली, कापसाची वेचणी होऊ द्या, मग काढा काय काढायचं ते.

काकांनी हे ऐकलं आणि त्यांची झोप उडाली.

"दात गेले की 'स' गेला, बाई," ते मला समजावून सांगायचे. "'त' गेला. 'द' गेला. मग ओवीत राहिलं काय? वारा. अख्ख्या जिल्ह्याचे आवाज मी इकडून तिकडं केले. कोणाच्या पोराचं बारसं, कोणाची मयत, सगळं माझ्या हातून गेलं. आन् आईचा एक शब्द न्हाई माझ्यापाशी. एक न्हाई! आता आक्काचाबी घालवू का?"

हे बोलताना त्यांचा आवाज बारीक व्हायचा. अशा वेळी मला त्यांची चेष्टा करवायची नाही.

पण माइक निवडायला बसले की करावीच लागायची. त्यांचा नियम होता की ज्वारीच्या एका पोत्यापेक्षा महाग माइक घ्यायचा नाही. "गरिबाचा आवाज धरायला श्रीमंताचं यंत्र कामून पायजे?" असं वर तत्त्वज्ञान. आणि मोबाइलवरून मागवायचं काम माझ्याकडं. माल पसंत नाही पडला तर परत करता येतो हे मी मूर्खासारखं त्यांना सांगून बसले आणि तिथून पुढं आमच्या दारात खोकी यायची आणि जायची. खोकी आणणारा माणूस शेवटी बेल न वाजवता आत येऊन माठातलं पाणी घ्यायला लागला.

माइकची परीक्षा ठरलेली. आधी "परभणी" म्हणायचं. 'प'ला तोंडातून वारा सुटतो, 'भ'ला त्याहून जास्त, आणि हलका माइक तिथं फाट्कन फुटतो. "ज्याला परभणी झेपत न्हाई, तो परभणीत काय कामाचा?" मग पेपरातले मोंढ्याचे, म्हणजे धान्यबाजाराचे भाव वाचायचे. "सोयाबीन" नुसतं सळसळलं की माइक नापास. शेवटी बुलबुल तरंग. काकांना त्यावर एकच गाणं यायचं आणि तेही अर्धं. त्या अर्ध्या गाण्यातली तार माइकमध्ये तारेसारखी वाजते की डब्यासारखी, हे ते डोळे मिटून ऐकायचे आणि वरच्या मजल्यावर मी कानात बोटं घालून वह्या तपासायचे.

काकू स्वयंपाकघरातून बोलल्याशिवाय राहायच्या नाहीत. "मला बगायला आलते तवा पोहे खाल्ले आन् उठले. नाव बी धड इचारलं न्हाई. आन् या दांडक्याला धा-धा बार बोलायला लावायलेत!"

कपड्याला लावायचा बारका माइक आधी आला. तो काकूंच्या लुगड्याला लावला तर पदर सरकल्याचा आवाज नांगरट चालल्यासारखा यायचा, आणि बांगड्या तर विचारूच नका. परत. मग आला तो जाडजूड, जाळीचा, स्टँडवर बसणारा. त्याच्यावर काका भाळले. हेडफोन कानाला लावून तासभर हलले नाहीत. शेजारच्या कुकरची शिटी, दोन गल्ल्या पलीकडचं कुत्रं, जिन्यावरून उतरणारी मांजर, सगळं त्यांना ऐकू येत होतं. अन् मधेच हेडफोन काढून ते ताडकन उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"कोण येडं झालंय म्हातारपणी?"

काकूंच्या हातातलं लाटणं खाली पडलं. त्या स्वतःशी पुटपुटल्या होत्या, तेही भिंतीआड.

"माणसाचा कान लय बेइमान, बाई," काका त्या दिवशी मला म्हणाले. "जे पायजे तेवढंच ऐकतो, बाकीचं सोडून देतो. माइक इमानदार. समदं ऐकतो. म्हणून तर त्याच्यावर भरोसा ठेवायचा न्हाई."

भरोसा ठेवायचा नाही म्हणाले, आणि तोच माइक घेऊन राणीसावरगावला निघाले. मला बरोबर घेतलं, कारण रेकॉर्डिंग माझ्या लॅपटॉपवर. गंगाखेडपर्यंत एसटी, पुढं जीप, आणि काका माइकचं खोकं तान्ह्या लेकरासारखं मांडीवर घेऊन.

आक्का काटक बाई होती. हसली की हलणारे दात जिभेनं मागं ढकलायची. तिनं जात्याला घास घातला, खुंटा धरला आणि ओवी सुरू केली. हेडफोन माझ्या कानात होते. मला आक्का ऐकूच आली नाही! पिठाची गिरणी डोक्यात घातल्यासारखी घरघर, वर शेळी, वर जीपचा भोंगा.

"आक्का, जातं राहू दे. नुसती म्हण," काका म्हणाले.

आक्का मांडी घालून माइकसमोर बसली. घसा खाकरला. वर बघितलं, खाली बघितलं. पोरं फळ्यासमोर बघतात तशी.

"येईना," ती म्हणाली.

"म्हंजे?"

"हात फिरल्याबिगर तोंड फिरत न्हाई, बाबा. कुठून धरू? पयला शबूद जात्यातून येतो."

मग काका म्हणाले, जातं फिरव पण दाणे घालू नको, आवाज कमी येईल. आक्कानं त्यांच्याकडं असं बघितलं की जणू भावानं तिला चोरी करायला सांगितली. "रिकामं जातं वडू न्हाई. आईनं एवढं बी शिकवलं न्हाई का तुला? दगडाला दगड खातो. पिठात खडे उतरतात."

आम्ही हात हलवत परत आलो. दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. काकांनी प्लायवूडच्या दोन गोल चकत्या कापल्या, मधे सायकलचं बेअरिंग बसवलं, वर खुंटा ठोकला आणि एक मुकं जातं तयार केलं. फिरवलं तर मुंगीच्या चालण्याइतकासुद्धा आवाज नाही. वस्तू खरंच सुंदर झाली होती. ती पोत्यात घालून पुन्हा एसटी, पुन्हा जीप.

आक्कानं ते फिरवलं. एकदा, दोनदा. मग थांबली आणि वरच्या चकतीवर तळहात ठेवला, गुराच्या पाठीवर ठेवतात तसा.

"चांगलं हाय रे," ती भावाचं मन राखत म्हणाली. "पण याला भूक न्हाई. भूक नसलेल्यापुढं काय गाऊ?"

 परभणीला आल्यावर त्यांनी तो जाळीचा माइकही परत पाठवला आणि आणखी दुसरे बघत बसले. हा सळसळतो, तो घुमतो, तिसऱ्याची तार डब्यासारखी वाजते. मी चिडले. म्हणाले, "काका, चाळणी घेऊन चंद्र बघायलाव का? घ्या की एखादा!" ते म्हणाले, "जरा दम धरा."

दम धरला. आणि वेचणी संपली. आक्काचे दात रात्रंदिवस ठणकायला लागले, तेव्हा ती कोणाला न विचारता जीपमध्ये बसून गंगाखेडला गेली आणि काढून आली. संध्याकाळी तिचा फोन आला. काकांनी उचलला. पलीकडून शिट्टीसारखा वारा येत होता आणि त्यात कुठंतरी आक्का होती.

काका त्या दिवशी जेवले नाहीत. ओसरीवर बसून राहिले. काकू रागावल्या, मग समजावलं, मग ताट झाकून ठेवलं. "मी माइक निवडत बसलो, बाई," ते मला म्हणाले. "आन् ओवी गेली." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. मलाही फार वाईट वाटलं. इतके दिवस हसले त्याचं नाही, त्यांचं वाईट वाटलं.

यातून बाहेर काढलं ते काकूंनी, आणि तेही भांडून. गल्लीतल्या मंडपवाल्यानं एक जुना माइक मोडीत काढला होता. स्टीलची जाळी चेपलेली, दांडा झिजलेला, हजार लग्नांत "हॅलो हॅलो" ऐकून दमलेला. काकांनी तो जवळपास फुकट उचलून आणला आणि ओसरीवर पडल्या मनानं "परभणी, परभणी" करत बसले. काकू मागून आल्या आणि त्यांनी तोंडाचा पट्टा सोडला. जेवण नाही, आंघोळ नाही, बहिणीला भेटायला जाणं नाही, नुसती दांडकी! चांगलं खणखणीत बोलल्या. वर माझ्या खोलीत शब्द न् शब्द ऐकू आला.

काकांनी रेकॉर्डिंग लावलं. "परभणी" स्पष्ट. पुन्हा "परभणी." काकू कुठंच नाहीत. अगदी लांब, पलीकडच्या गल्लीत कोणीतरी कुजबुजल्यासारखं काहीतरी. बस.

काका धावत वर आले. इतकं वय झालेलं, तरी धावत. "बाई! याची पाठ बहिरी हाय! पुढचं ऐकतो, मागचं ऐकत न्हाई! लय दिवस उलटं हुडकत होतो मी. समदं ऐकणारा नको होता आपल्याला. कुठं बहिरं व्हायचं ते कळणारा पायजे होता!"

"म्हंजे तुमच्यावाणीच," खालून काकू म्हणाल्या.

तिसऱ्यांदा राणीसावरगाव. या वेळी काकूही आल्या. आक्काच्या तोंडाचं बोळकं झालं होतं. कवळी झाली होती, पण ती तिनं डब्यात ठेवली होती. म्हणाली, ती घातली की दुसऱ्याच बाईच्या तोंडानं बोलल्यागत वाटतं. घरात भाव यायची वाट बघत कापूस भरून ठेवला होता, आतल्या खोलीत थेट आढ्यापर्यंत. काका सवयीनं आत शिरले आणि त्यांनी टाळी वाजवली.

टाळी वाजलीच नाही म्हणा ना. हातातून निघाली आणि तिथंच संपली.

"मेली!" काका ओरडले. "बाई, टाळी मेली! आयला, अशी खोली मोठमोठ्या शहरात मिळायची न्हाई!"

जातं त्या खोलीत आणलं, खाली दुहेरी पोतं घातलं. कापसात बसल्यावर अंगाला जी खाज सुटते ती सुटली. माइक आक्काच्या तोंडापाशी, पाठ जात्याकडं, असा धरायचा होता. पण आक्का दळताना पुढं-मागं झुलायची, तोंड एका जागी नाही. स्टँड उपयोगाचा नाही. तेव्हा काका आक्कासमोर बसले. दळताना समोर दुसरी बाई बसते ना, तिच्या जागेवर. एका हातानं खुंटा धरला, दुसऱ्या हातानं माइक, आणि आक्का जशी झुलेल तसा तो माइक पुढं-मागं नेत राहिले. दारात बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. म्हातारा गडी जात्यावर बसलेला त्यांनी कुठं बघितलेला! काकूंनी त्यांना डोळे वटारून गप्प केलं.

मी हेडफोन लावले. जातं लांब गेलं होतं, ढग गडगडून सरल्यासारखं. आणि जवळ, अगदी माझ्या कानाशी, आक्का. 'स' नव्हता, 'त' मऊ झाला होता, पण आवाजात कुठं टोक राहिलं नव्हतं. सगळं गरम भाकरीसारखं. माहेरच्या ओव्या झाल्या, भीमाच्या झाल्या. मी रडत होते, मला कळलंसुद्धा नाही. काका हूं की चूं न करता बसलेले. रेकॉर्डिंग चालू असताना माशी उडाली तरी ते माशीकडं रागानं बघायचे.

दळण सरत आलं आणि आक्कानं भावाकडं बघून, सूर न सोडता, स्वतःची ओवी जुळवली:

"दात माझे गेले बाई, ओवी राहिली व्हटात,
भाऊराया येडा माझा, फिरतो माइक हातात."

शेवटचा शब्द तिच्या तोंडात असतानाच काका हसले. साधे नाही, खदखदून. खुंटा सुटला, माइक हलला, दारातल्या बायका हसल्या, सगळं संपलं.

परत येताना जीपमध्ये ते मला सारखं विचारत होते, ते हसणं काढता येईल का. मी घरी प्रयत्न केला. येईना. ओवी, जातं आणि हसणं एकमेकांत मिसळलेलं. त्यांना फार लागलं. "एवढी अस्सल ओवी, आन् मी नासवली." आक्का फोनवर म्हणाली, राहू दे की. पण नाही. पुढच्या वेचणीला खोलीत पुन्हा कापूस भरला की ती एक ओवी पुन्हा घ्यायची, असं त्यांनी ठरवून टाकलं. माइक धुतल्या रुमालात गुंडाळून कपाटात ठेवला.

पुढची वेचणी आली नाही. त्या उन्हाळ्यात काका गेले. दुपारी ओसरीवर बसल्या बसल्या. घर माणसांनी भरलं, आणि मला सारखं वाटत होतं की आता कोणीतरी टाळी वाजवेल आणि सांगेल, माणसं कमीच रडायलीत. पण या वेळी माणसं खरंच रडत होती.

सगळे पाहुणे पांगल्यावर आक्का जिना चढून माझ्या खोलीत आली. पलंगावर टेकली. श्वास खाली बसू दिला.

"ते लाव," ती म्हणाली.

मी लॅपटॉप उघडला आणि पहिल्यापासून लावलं. माहेरची ओवी सुरू झाली. आक्कानं हात हलवला.

"हे कशाला? हे माझ्यापाशी हाय, रोज म्हणती की मी. त्याचं लाव."

मी पुढं नेलं, पार शेवटाला. ओवी आली, आणि तिच्या शेवटच्या शब्दावरच ते हसणं. पण काका बसले होते माइकच्या पाठीकडं, बहिऱ्या बाजूला. त्यांचं हसणं किती बारीक आलं होतं! दोन घरं पलीकडून आल्यासारखं.

"मोठं कर."

केलं.

"आनखी कर."

होता तेवढा आवाज केला. जात्याची घरघर खोलीभर झाली, भिंती दणाणल्या, आणि त्या घरघरीच्या आतून काका खदखदून हसले. आक्का पुढं वाकली, कान लॅपटॉपला लावला, आणि तिच्या बोळक्या तोंडावर हसू आलं. डोळ्यांतून धार लागलेली, आणि तोंडावर हसू.

"आयक," ती माझा हात दाबून म्हणाली, "आयक, कसा हसायलाय येडा."